टपालगाडीचं तोरण

न्यूझीलंडात तुम्हाला काय आवडलं असं कुणी विचारलं, की सर्जेरावतात्या एका शब्दात सांगायचा, "घोडी." बायामाणसांच्या घोळक्यातही असंच. त्याची सून मृदुला पुण्याची, ती मान खाली घालायची. तात्याला त्यात खाली घालण्यासारखं काय ते कळायचं नाही.

तात्या रहिमतपूरकडचा. रेल्वेनं आलेलं टपाल स्टेशनावरनं उचलायचं आणि गावच्या पोस्टात नेऊन टाकायचं, हे आधी त्याच्या बापाचं काम, मग त्याचं. टांगा घरचा, घोडं घरचं, कंत्राट सरकारचं. पिशव्या मागं, पुढं एखादा उतारू, त्याच्या मांडीवर त्याचंच गाठोडं. गाडी लेट झाली की घोडं स्टेशनाबाहेर उभ्यानं झोपायचं आणि तात्या चाकाला टेकून. बापानं त्याला फार काही शिकवलं नाही. टपालाची पिशवी भुईला लावायची नाही, हे एक. आणि जनावरानं तोंड फिरवलं तर तो घास चारायचा नाही, हे दुसरं. "त्येला वास येतो, आपल्याला येत न्हाई," बाप म्हणायचा.

पुढं पोस्टाची जीप आली. घोडं बाजारात गेलं, चाकं एका हॉटेलवाल्यानं दारात शोभेला नेली, आणि तात्या साखर कारखान्याच्या गेटावर काठी घेऊन उभा राहिला. पोरगा रवींद्र शिकला, इंजिनियर झाला, लग्न करून हॅमिल्टनला आला. म्हातारी गेल्यावर त्यानं तात्यालाही उचलून आणलं. ते २०१३ साल.

मी हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात त्यांच्या मागच्याच गल्लीत राहतो. माझं गाव तात्याच्या गावापासून हाकेवर, म्हणून म्हातारा माझ्याकडं येऊन बसायचा.

"लेका, हितं माणसं हायती का न्हाईत? कुंपणं दिसत्यात, मोटारी दिसत्यात. माणूस काय दिसत न्हाई."

"कामाला जात्यात तात्या."

"जात्यात खरं. पर येत कवा न्हाईत."

रवींद्रनं आपल्या हापिसात सांगून ठेवलं होतं, वडील पोस्टल डिपार्टमेंटला होते म्हणून. तात्याच्या कानावर ते आलं तेव्हा तो पोट धरून हसला. "खोटं न्हाई ते. घोडं बी पोस्टातच हुतं." रवींद्र हसला नाही.

एका रविवारी रवींद्र त्याला मोटारीतनं फिरवायला घेऊन गेला. हॅमिल्टनजवळच्या केंब्रिजच्या अंगाला एक बाजारगाव आहे, तिथं एक जुनी सराई. धर्मशाळाच म्हणा, फक्त बिअर मिळणारी. मालक ग्रॅहम. त्याचा पणजा इंग्लंडातल्या असल्याच एका बाजारगावात टपालगाड्यांची सराई चालवायचा. चार घोड्यांची गाडी, आत उतारू, टपावर उतारू, मागच्या बैठकीवर टपालाचा राखणदार, त्याच्या हातात लांबलचक पितळी शिंग. शिंग वाजलं की सराईतली पोरं ताजी घोडी जुंपायला बाहेर काढायची, आणि उतारूंनी गरम सूप ओठाला लावायच्या आत गाडी निघायची. या मुलखातही पूर्वी अशा गाड्या चिखल तुडवत चालायच्या. ग्रॅहमनं त्यातली एक मोडकी गाडी कुणाच्या तरी गोठ्यातनं सोडवली, नीट केली. लाल चाकं, काळं अंग, आणि अख्खी गाडी जाड चामड्याच्या पट्ट्यांवर पाळण्यासारखी टांगलेली. दोन घोड्या ठेवल्या, डॉट आणि बेस. रविवारी पोराटोरांना गावातनं एक फेरी.

तात्या मोटारीतनं उतरला तो थेट घोड्यांकडं गेला. बेसच्या मानेवर हात ठेवला, तिच्या नाकाशी नाक नेलं आणि तिच्या नाकपुडीत फुंकर घातली. रवींद्र मागनं ओरडत होता, "तात्या, विचारल्याशिवाय हात लावू नका!" ग्रॅहम बिअरचे पेले घेऊन चालला होता, तो थांबला आणि बघत बसला. पुढच्या रविवारपासून तात्या तिथला. खरारा करायचा, लीद काढायची, साजाच्या चामड्याला तेल लावायचं. पगार नाही, पण जेवण, आणि वर मान. तात्याचं इंग्रजी म्हणजे येस, नो, थँक्यू, गुड हॉर्स. शिवाय दुकानातनं काय आणू असं मृदुलानं विचारलं की द्यायचं उत्तर: नथिंग. घोड्यांना तेवढं पुरत होतं.

बेस त्याची लाडकी. तिचं नावच त्याला पटलं होतं. भारतीय दुकानातनं गुळाची ढेप आणायची, खिशात खडा ठेवायचा, आणि लांबनं तळवा पुढं करायचा. ती एवढं धूड घेऊन रांगत्या पोरासारखी त्याच्याकडं यायची.

सराईच्या मागच्या कुंपणापलीकडं जोन राहायची. ऐंशी पार केलेली, एकटी, दर रविवारी सराईसाठी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, भाजून द्यायची. तिच्या बागेत कुंपणालगत ऱ्होडोडेंड्रॉनची उंच झाडी होती. वसंतात तिच्यावर लाल फुलांचे गठ्ठेच्या गठ्ठे लागायचे, लोक थांबून फोटो काढायचे. त्याचं पान लांबट, जाड, गर्द हिरवं. लांबनं बघितलं तर आंब्याचंच.

ही गोष्ट २०१५ च्या दसऱ्याची. दसरा गुरुवारी आला होता आणि शनिवारपासून लेबर वीकेंडची, कामगारदिनाच्या जोडसुट्टीची, जत्रा. त्या जत्रेत दरवर्षी टपालगाडी सराईवरनं पत्रांची पिशवी घेऊन गावच्या पोस्टाच्या दुकानापर्यंत जायची. त्या साली ग्रॅहमनं तात्याला सांगितलं होतं, की मागच्या बैठकीवर तू बसायचं, पिशवी तुझ्याकडं, शिंग तुझ्याकडं. फेटा बांधून ये. तात्या महिनाभर माझ्या गराजमध्ये शिंग फुंकत होता. शेजारची गोरी बाई येऊन विचारून गेली, गाय आजारी आहे का म्हणून.

एवढी गाडी, एवढी घोडी, आणि दसऱ्याला त्यांची पूजा नाही, हे तात्याला सोसणारं नव्हतं.

"बाबा, घरी करू ना पूजा," मृदुला म्हणाली. "तिकडे कुंकू, नारळ नको. त्यांना वाटेल, काय जादूटोणा करतायत."

"कुणाला दिसायचं न्हाई, पोरी. करतो आन् सगळं उचलून घिऊन येतो."

सकाळी रवींद्रनं त्याला सराईवर सोडलं आणि तो कामाला गेला. ग्रॅहम जत्रेच्या तयारीला गावात गेलेला. तात्यानं गाडी पुसली, चाकांना हळदीकुंकू लावलं, साजावर फूल ठेवलं. तोरण राहिलं. आंब्याची डहाळी या देशात कुठनं येणार? त्यानं कुंपणावरनं हात घालून जोनच्या झाडाची डहाळी मोडली, पानं दोऱ्यात ओवली, मधनंमधनं लाल फुलं. गाडीच्या दारावर तोरण चढलं. त्यानं लांब जाऊन बघितलं. मला नंतर सांगताना म्हणाला, "मर्दा, टपालखात्याला येवढं तोरण बापाच्या जल्मात लागलं न्हवतं."

मग सुनेला दिलेला शब्द आठवला. कुंकू पुसलं, नारळ पिशवीत घातला, तोरण उतरवलं. आणि ते हातात घेऊन तो उभाच राहिला. आता याचं काय करायचं? ते निर्माल्य झालं होतं. पायदळी टाकता येत नाही. कचऱ्याच्या डब्यात कालच्या बाटल्या आणि कोंबडीची हाडं. नदी लांब. गावाकडं असलं काही उरलं की दावणीच्या गाईपुढं ठेवायचं, देवाचं जनावराच्या पोटात गेलं की चांगल्या जागी गेलं. तात्यानं दोरा ओढून खिशात घातला आणि पानांची मूठ बेसपुढं धरली.

बेसनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्यानं पुन्हा धरली. तिनं पुन्हा फिरवलं, कान मागं पाडले.

"आगं, परसाद हाय," तात्या म्हणाला, आणि पानांत गुळाचा खडा घातला. गुळासाठी तिनं ते घेतलं. मग आणखी एक खडा, आणखी पानं. डॉट त्याच्याकडं आलीच नाही. सगळी मूठ बेसलाच गेली.

दुपारी रवींद्र अर्धी रजा टाकून तात्याला घरी घेऊन आला, आणि सगळे श्रीखंड-पुरीवर पाटाला पाट लावून बसलेले असताना ग्रॅहमचा फोन आला. बेस आडवी पडली होती.

रवींद्र आणि तात्या पोचले तेव्हा जनावरांची डॉक्टरीण आली होती. बेसच्या तोंडातनं हिरवा फेस गळत होता, ती स्वतःच्या पोटाकडं वळून वळून बघत होती, उठायला जायची आणि पुढचे पाय दुमडायचे. डॉक्टरणीनं दातांत बोट घालून पानाचा एक तुकडा काढला, घोड्याला हे विष असतं म्हणाली आणि कुंपणाकडं बघितलं. ग्रॅहमनंही बघितलं. कालच जोननं झाडी छाटली होती, छाटलेलं कुंपणाशी पडलं होतं. पूर्वी एकदा तिचं असलंच छाटण वाऱ्यानं अलीकडं आलं होतं, तेव्हाही त्यांची बोलाचाली झाली होती. ग्रॅहम कुंपणाशी गेला आणि त्यानं तोंड सोडलं. किती वेळा सांगितलं तुला! माझी घोडी मारलीस तू!

जोन ॲप्रनला हात पुसत बाहेर आली होती. तिनं एकदा छाटणाकडं बघितलं, एकदा घोडीकडं. तिला खरंच वाटलं की आपणच मारलं.

तात्याच्या खिशात तोरणाचा दोरा होता. त्यानं रवींद्रला बाजूला ओढलं.

"रव्या, त्या बाईनं काय केलं न्हाई. म्या चारलं."

"काय चारलं?"

"तोरण."

"कसलं तोरण?"

"गाडीला केलतं. निर्माल्य म्हणून चारलं. ती नको म्हणत हुती रं. म्या गूळ लावून चारलं. सांग त्येला."

रवींद्रचा चेहरा उतरला. एरवी घरात पुस्तकी बोलणारा गडी एकदम गावच्या बोलीवर आला. "गप ऱ्हावा. एक सबूद काढू नगा. हितं जनावराला काय झालं तर केस करत्यात. आपुन भायेरची माणसं."

तेवढ्यात ग्रॅहम आला. "तुझे वडील सकाळी इथं होते. त्यांनी काही बघितलं का?"

रवींद्र बापाकडं न बघता इंग्रजीत बोलला. लांबलचक वाक्य होतं. तात्याला त्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला. नथिंग.

तात्या तिथंच उभा होता. बोलायला तोंड होतं, पण त्या तोंडात त्या लोकांचा एक शब्द नव्हता. हे झालं त्याचं नंतरचं म्हणणं. खरं म्हणजे बोटानं दाखवता आलं असतं, ते त्यालाही ठाऊक होतं. डॉक्टरणीला काय खाल्लंय ते कळलंच आहे, औषध चाललंच आहे, आता बोलून घोडीला काय फरक पडतो, असंही त्याच्या मनात आलं. त्याला ग्रॅहमचा चेहरा दिसत होता. परवा त्या बैठकीवर फेटा बांधून बसायचं होतं. या देशात तो जिथं कुणीतरी होता अशी ती एकच जागा. तो गप्प राहिला.

बेस मेली नाही. नाकातनं नळी घालून डॉक्टरणीनं काय काय पोटात ओतलं, आणि शुक्रवारी ती उठून उभी राहिली. पण मान टाकलेली. जत्रेला गाडी ओढणं शक्यच नव्हतं, आणि एकट्या डॉटच्यानं ती गाडी हलणारी नव्हती.

त्या रात्री तात्या माझ्याकडं येऊन सगळं सांगून गेला. शनिवारी मी पोराबाळांना घेऊन जत्रेला गेलो. टपालगाडी सराईच्या कमानीखाली नुसतीच उभी, पुढं घोडी नाही. लोक तिच्यात चढून फोटो काढत होते. मागच्या बैठकीवर सर्जेरावतात्या, डोक्याला फेटा, मांडीवर पत्रांची पिशवी, हातात शिंग. तोंड असं, की कुणीतरी धरून बसवलंय. ग्रॅहमनं माइकवर सांगितलं, हा आमचा सर्जे, भारतात खऱ्याखुऱ्या टपालगाडीवर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रवींद्र आणि मृदुला पहिल्या रांगेत. मृदुला व्हिडिओ घेत होती. तिला यातलं काही माहीतच नव्हतं.

स्कोनचं टेबल रिकामं होतं. मी कुणाला तरी विचारलं, जोन कुठाय? तो गडी कुजबुजला, ती यायची नाही या खेपेला, तिच्यामुळंच झालं ना.

तात्या उंचावर बसलेला, त्याला कुंपणापलीकडचं दिसत होतं. एकाएकी तो उठला. पिशवी भुईला ठेवता येईना म्हणून माझ्या हातात दिली, आणि धोतर सावरत चाकावरनं खाली उतरला. मी मागनं गेलो.

जोन बागेत शिडीवर चढून करवतीनं झाडी कापत होती. ऐन फुलोऱ्यातली. अर्धी भुईला आलेली, लाल फुलं बुटांखाली.

"नो, नो," तात्या म्हणाला. शिडी धरली. एक पान तोडलं, तिला दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात मारला. "मी. धिस. बेस."

जोनला वाटलं, म्हातारा फुलं मागतोय. ती खाली उतरली, कापलेल्या फांद्यांतनं चांगले चांगले फुलांचे गठ्ठे निवडले आणि त्याच्या हातांत कवळाभर दिले. वर दंडावर थोपटलं. त्याचीही लाडकी घोडी आजारी पडली, म्हणून तीच त्याची माफी मागत होती.

मी सांगायला तोंड उघडलं, तर तात्या म्हणाला, "तू नगं. ज्यानं खोटं सांगितलं त्यो सांगंल."

फेट्यातला म्हातारा कवळाभर लाल फुलं घेऊन जत्रेतनं चालत आला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तात्या ग्रॅहमपुढं थांबला आणि पोराला म्हणाला, "रव्या, सांग."

"तात्या, घरी जाऊन बोलू. लोक बघत्यात."

"सांगतूस का न्हाई?"

रवींद्र इकडंतिकडं बघायला लागला. तात्यानं एक पान तोडून तोंडात घातलं आणि चावायला लागला.

ग्रॅहम ओरडला, धावला, "थूक! थूक ते!" आणि त्यानं तात्याच्या गालांत बोटं घालून पान बाहेर काढलं, घोड्याच्या तोंडातनं काढावं तसं. तात्यानं थुंकलं. मग फुलं खाली टाकली, खिशातनं तोरणाचा दोरा काढला, बोटानं गाडीचं दार दाखवलं, मूठ पुढं धरून दाखवली, बेसचा तबेला दाखवला, आणि स्वतःची छाती.

ग्रॅहमला सगळं कळलं. आता सांगण्यासारखं रवींद्रकडं एवढंच उरलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. त्यानं ते सांगितलं. "त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं." कान असे लाल, की चिमटा काढल्यागत. मृदुलाच्या हातातला फोन हळूहळू खाली आला.

ग्रॅहम तात्याकडं बघून म्हणाला, "पण मी तर सांगितलं होतं याला. पहिल्याच महिन्यात. ते झाड दाखवून, घोड्यांना विष आहे म्हणून. हा येस येस म्हणाला."

रवींद्रनं ते तात्याला सांगितलं. तात्या म्हणाला, "मला वाटलं, फुलं कशी झाल्यात ते दावतोय."

कुणीतरी हसलं. ग्रॅहमनं टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि कुंपणापलीकडं गेला. जोनशी काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. बराच वेळ तिच्यापुढं वाकून उभा होता. परत आला, तात्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऑल गुड, मेट."

परतीच्या वाटेवर तात्या माझ्या मोटारीत बसला. पोराच्या बसायला तयार नव्हता, का पोरगाच न्यायला तयार नव्हता, ते मी विचारलं नाही. फेटा सोडून त्याची गुंडाळी मांडीवर ठेवली होती.

"त्यानं चार शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं," तो म्हणाला. "एक लात घालायची हुती. हितली माणसं लई चांगली. तेच वंगाळ."

"जाऊ द्या तात्या. नकळत झालं."

"बाकीचं नकळत. ती तोंड फिरवत हुती, ते मला कळत हुतं."

त्यानंतर महिनाभर तो सराईकडं फिरकला नाही. ग्रॅहमचे निरोप येत राहिले. घरात बापलेक एकमेकांशी मृदुलामार्फत बोलत होते, आणि ती बिचारी दोघांनाही काही म्हणत नव्हती. शेवटी तीच एकदा म्हणाली, "बाबा, जोनकडे तरी जाऊन या. मी येते बरोबर, मी बोलेन तुमच्यातर्फे."

आम्ही तिघं गेलो. जोननं चहा दिला, स्कोन दिले. मृदुलानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, तोरण, निर्माल्य, गूळ, नथिंग, काही गाळलं नाही. जोन ऐकून म्हणाली, झाडी परत येईल, पण मला आता ती बघायला वेळ आहे का ते माहीत नाही. हसत म्हणाली. तात्याला मृदुलानं ते सांगितलं नाही, पण तो खिडकीतनं बाहेरच बघत होता. अर्धी झाडी होती. अर्ध्या जागी नुसते खुंट.

निघताना तो तबेल्याकडं गेला. बेस उभी होती, तब्येत सुधारलेली, अंगावर तकाकी. तिनं त्याला ओळखलं, कान टवकारले. तात्यानं खिशातनं गुळाचा खडा काढला आणि तळव्यावर ठेवून पुढं केला. नुसता गूळ, दुसरं काही नाही.

बेसनं मान लांब करून हुंगलं. आणि तोंड फिरवलं.

मृदुला हळूच म्हणाली, "परत एकदा धरून बघा ना, बाबा."

"नगं," तात्या म्हणाला. तळवा मिटला, गूळ खिशात टाकला आणि फावडं उचलून लीद काढायला लागला.